दुपारचं बीपी

मी मापारी आहे. सिंदी रेल्वेच्या बाजारात तीस वर्षं दुसऱ्याचा माल मोजून देतो. कापूस, तूर, चणा, सोयाबीन. शेतकऱ्याला वाटतं काटा व्यापाऱ्याच्या बाजूचा आहे. व्यापाऱ्याला वाटतं मी शेतकऱ्याला झुकतं माप देतो. दोघांचीही नजर माझ्या हातावर. त्या नजरेखाली उभं राहून राहून मलाही तीच सवय लागली. कोणी आकडा सांगितला की मी आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

ही सवय आजारपणात कामाची की घातक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही झालं. किडन्या अचानक बंद पडल्या, दवाखान्यात जाऊन बऱ्या झाल्या, मग हातात यंत्रं देऊन 'घरी जा, आम्ही लांबून लक्ष ठेवतो' असं सांगितलं, अशी माणसं आता आमच्या भागात मला भेटतात. त्यांच्यात कोणी माझ्यासारखा संशयी असेल, तर हे त्याच्यासाठी.

खिशातलं पाकीट

माझी कंबर दुखायची. हंगामात दिवसभर वाकून-उठून मोजायचं म्हटल्यावर दुखणारच. औषधाच्या दुकानातून गोळी घ्यायचो. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. आधी एक, मग सकाळ-संध्याकाळ, मग जेवण झालेलं नसलं तरी. अशी दोन वर्षं गेली.

मे महिन्यात समुद्रपूरला साळीच्या मुलीचं लग्न होतं. तिथून आल्यावर दुसऱ्याच दिवशी हगवण लागली. पंगतीतल्या बऱ्याच लोकांना लागली होती, म्हणून मी निवांत होतो. चण्याची आवक चालू होती, तसाच कामावर गेलो. ऊन असं की काट्याच्या लोखंडाला हात लागला तर चटका बसायचा. पोटात पाणी टिकत नव्हतं, कंबरेची गोळी मात्र चालूच होती.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सकाळपासून लघवीला गेलोच नाही. हे कोणाला सांगणार? उन्हाळ्यात घामावाटे निघून जातं, असं स्वतःलाच सांगून गप्प बसलो. चौथ्या दिवशी डोळ्यांखाली सूज आली, चपला पायात जाईनात, आणि फोडणीचा वास आला की उलटी.

शोभा, माझी बायको, समोर येऊन उभी राहिली. "तोंड पाह्यलं का आरशात? काऊन असं फुगलं?"

"लग्नात गोड खाल्लं."

"गोडानं तोंड फुगत नसते."

तिनं निलेशला उठवलं. निलेश आमचा एकुलता मुलगा. सिंदीहून रोज गाडीनं बुटीबोरीच्या कारखान्यात जातो. त्यानं सुट्टी टाकली आणि मला वर्ध्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

मागं काय सांगतलं?

रक्त सकाळी घेतलं, दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्या माझ्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टर बसून बोलत नाहीत. बसल्या म्हणजे बातमी वाईट.

"काका, तुमच्या दोन्ही किडन्या अचानक काम करायच्या थांबल्या आहेत."

"थांबल्या म्हणजे? गेल्या?"

"कायमच्या गेल्या असं नाही. बऱ्याच जणांच्या परत चालू होतात. पण आत्ता रक्तात जी घाण साठली आहे ती मशीननं काढावी लागेल. डायलिसिस, दोन-चार वेळा."

तो शब्द माझ्या ओळखीचा होता. आमच्या गल्लीतला एक माणूस डायलिसिसवर गेला तो शेवटपर्यंत त्याच्यावरच राहिला. त्यालाही पहिल्या दिवशी 'दोन-चार वेळा' एवढंच सांगितलं होतं. मी निलेशकडे पाहिलं. तो कागदावर सही करत होता आणि मान वर करत नव्हता.

मॅडम गेल्यावर मी त्याला जवळ बोलावलं. "खरं सांग बे. किती दिवस आहेत माह्ये?"

"बाबा, मॅडमनं तुमच्यासमोरच सांगतलं ना."

"समोर सांगतलं थे ठीक. मागं काय सांगतलं?"

"मागं काईच नाई सांगतलं."

माझा विश्वास बसला नाही. पुढचे कितीतरी दिवस निलेश आणि मॅडम दाराशी बोलताना दिसले की मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायचो आणि कान तिकडे लावायचो. ऐकू कधीच काही आलं नाही. त्यामुळे संशय वाढतच गेला.

संध्याकाळी मॅडम परत आल्या. "काका, दुखण्याच्या गोळ्या घेता का काही?"

"नाही."

सरळ तोंडावर नाही म्हटलं. का म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. वाटलं, हो म्हटलं की सगळा दोष माझ्या डोक्यावर ठेवून ही माणसं मोकळी होतील. शोभा उशाशी उभी होती. खुर्चीवर ठेवलेल्या माझ्या शर्टाच्या खिशातून तिनं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि मॅडमच्या हातात दिलं. दहातल्या दोन उरल्या होत्या.

"रोज घेतात," ती म्हणाली. "दोन-दोन."

मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती त्या दोन्ही दिवशी पलंगाखाली चटई टाकून झोपली.

बाटलीवरच्या रेषा

मानेत नळी घातली आणि चार वेळा डायलिसिस झालं. मशीनकडे जाणारं रक्त लाल, तिथून परत येणारंही लाल. मग साफ झालं हे ओळखायचं कसं, असं मी मशीन चालवणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "उद्याच्या रिपोर्टवरून." म्हणजे पुन्हा कोणीतरी सांगितलेला आकडाच.

स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल अशी एकच गोष्ट तिथं होती. पलंगाखाली रेषा काढलेली प्लास्टिकची बाटली असायची. दिवसभराची लघवी तिच्यात. पहिल्या दिवशी तळाशी दोन बोटं, काळ्या चहाच्या रंगाची. वॉर्डातला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, यायचा, उभ्या उभ्या वाकून बघायचा आणि वहीत लिहून पुढे जायचा.

मी एकदा त्याला थांबवलं. "मामा, असं वरून पाहून आकडा चुकते. बाटली सपाट जागी ठेवा, डोळा रेषेच्या बरोबरीनं आना, मंग वाचा."

"तुमी काय काम करता, काका?"

मी सांगितलं. त्यानंतर तो रोज माझ्यासमोर बाटली धरायचा आणि मी सांगेन तो आकडा लिहायचा. त्या वॉर्डात मला मिळालेला तो पहिला दिलासा.

शेजारच्या पलंगावर गिरडचे एक म्हातारे बाबा होते. नवव्या दिवशी माझ्या बाटलीत अर्ध्या लिटरच्या वर गेलं. बाबा उठून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "हे पाहा बापा, याचं धरण भरून राह्यलं!" सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी. मग माझी नजर त्यांच्या पलंगाखाली गेली. त्यांची बाटली कोरडी होती.

फुकट काऊन?

सोळाव्या दिवशी सुट्टी मिळाली. निघताना वैशाली सिस्टरनी एक पिशवी आणली. घरी गेलेल्या किडनीच्या पेशंटवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. पिशवीत वजनाचा छोटा काटा, दंडाला पट्टा बांधून बीपी घ्यायचं यंत्र आणि लघवी मोजायचं भांडं.

"ही यंत्रं तीन महिने तुमच्याकडे. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं," सिस्टर सांगू लागल्या. "बीपी सकाळी आणि संध्याकाळी, आधी पाच मिनिटं शांत बसून. घेताना बोलायचं नाही. आकडे फोनमधून आपोआप माझ्याकडे येतात. आठवड्याला एकदा रक्त तपासायचं. दोन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, पायावर सूज आली किंवा लघवी कमी झाली, तर मी फोन करीन. तुम्हीही करायचा. आणि दुखण्याची गोळी आता आयुष्यात नाही."

"हे सारं फुकट काऊन?" मी विचारलं.

"तुम्ही परत ॲडमिट होऊ नये म्हणून."

दवाखान्याला पेशंट नको आहे, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. सहीचा कागद चार पानी होता. मी निलेशला चारही पानं मोठ्यानं वाचायला लावली. मागे रांग लागली. सिस्टर शांतपणे उभ्या राहिल्या. माझे आकडे कोण बघणार, कुठे ठेवणार, दुसऱ्या कोणाला देणार का, हे मी तीन वेळा विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं. एकच उत्तर आलं म्हणून मी सही केली.

निलेशनं त्याच्या जुन्या फोनमध्ये ते ॲप टाकलं. फोन आणि बीपीचं यंत्र समोरच्या खोलीत टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवलं. बटण दाबलं की पट्टा फुगायचा, मग आकडा यायचा, आणि तो आकडा माझ्या नावावर वर्ध्याला जायचा. माझा स्वतःचा साधा फोन माझ्या खिशात असायचा.

वीस किलोची दोन वजनं

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी सिस्टरचा फोन. "काका, वजन एकदम दीड किलो वाढलेलं दिसतंय. पायावर सूज आहे का?"

मी पाय दाबून पाहिले. सूज नव्हती. "तुमचा काटा बरोबर नाही," मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही, पण मला चैन पडेना. बाजारातला माझा सोबती मनोहर याला सांगून वीस किलोची दोन लोखंडी वजनं मागवली, सरकारी शिक्का असलेली. तो मोटरसायकलवर घेऊन आला. खोलीतल्या फरशीवर काटा ठेवून त्यावर दोन्ही वजनं चढवली. बरोबर चाळीस. तोच काटा न्हाणीत नेला. तिथली जमीन पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली. दोन्ही वजनं चढवली तर चाळीसला आठशे ग्रॅम कमी.

मी कधी न्हाणीत उभा राहत होतो, कधी खोलीत. निम्मी वाढ तिथंच सापडली.

सिस्टरला सांगितलं तेव्हा त्या मनापासून म्हणाल्या, "काका, हे आम्हीच सांगायला हवं होतं. आता ज्यांना काटा देईन त्यांना सांगते, सपाट जागी ठेवा, जागा बदलू नका." मला बरं वाटलं. पण लगेच दुसरा विचार आला की गोड बोलणं हीसुद्धा एक पद्धतच असते.

घरातही मी तसाच वागत होतो. मीठ कमी करायला सांगितलं होतं. भाजी अळणी लागली की मला वाटायचं, बरं आहे. जरा चव आली की वाटायचं, शोभानं मीठ टाकलं. मी चुलीशी जाऊन उभा राहायचो. मिठाच्या डब्यावर पेनानं खूण केली होती, रोज किती खाली जातं ते पाहायला. तिला ती खूण दिसली. तिनं डबा तसाच झाकून ठेवला.

ती तेव्हा कशालाच काही बोलत नव्हती. दुपारी पदराचं टोक कपाळाला घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडायची. बहिणीशी फोनवर हळू बोलायची आणि मी आत गेलो की बोलणं थांबायचं. मी त्याचा अर्थ लावून टाकला होता. एक, ही मला कंटाळली. दोन, माझ्याबद्दल हिला काहीतरी माहीत आहे.

आमच्या घराला जिना नाही

दुसऱ्या महिन्यात मला जरा बळ आलं. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला मी बाजार समितीच्या ओट्यावर जाऊन बसायचो, चारच्या पुढे घरी यायचो. एका सोमवारी परत येत होतो तेव्हा माझ्या खिशातला फोन वाजला.

"काका, दुपारी पावणेतीनला तुमचं बीपी एकशे शहाऐंशी आलंय. डोकं जड वाटतंय का? दम लागतोय?"

"मी दुपारी बीपी घेतलंच नाही, सिस्टर."

"आकडा आलाय काका. सकाळचं एकशे सव्वीस होतं."

"मग तुमचं यंत्र खोटं बोलतंय."

त्यांनी घरी जाऊन पुन्हा घ्यायला सांगितलं. एकशे चोवीस आलं. तरी शुक्रवारी पुन्हा फोन. दुपारचं एकशे अठ्ठ्याहत्तर. पुढच्या मंगळवारी पुन्हा. आता सिस्टरचा आवाज बदलला होता. "मी मॅडमना दाखवलं, काका. असंच राहिलं तर बीपीची गोळी वाढवावी लागेल असं म्हणतात. परवा या, समोर बसून ठरवू."

सुट्टी देताना मॅडमनी बजावलं होतं, बीपी फार चढायला नको आणि फार पडायलाही नको, किडनी आत्ता कुठे सावरते आहे. आता आकडा माझा नसेल आणि गोळी मात्र माझ्या पोटात जाणार असेल, तर मी कुठे पोचणार? मनात एकच उत्तर येत होतं. यांना मला परत त्या मशीनला लावायचं आहे.

त्या संध्याकाळी निलेश जेवायला बसला होता. त्याच्या नव्या फोनमध्येही ते ॲप आहे हे मला माहीत होतं.

"तू तिकून काई दाबत त नाई?"

"काय दाबत?"

"माहं बीपी."

त्यानं घास ताटात ठेवला. "बाबा, मी तथी दिवसभर मशीनवर उभा राह्यतो. तुमचं बीपी दाबाले वेळ नाई मले."

"मंग आकडा येते कुठून?"

"तुमचा कोणावरच भरोसा नाई का?" तो उठला. मग दाराशी थांबून हळू म्हणाला, "दवाखान्यात तुमी तोंडावर चादर घेऊन रडत होते, थे पाह्यलं मी. मले काय मजा वाटते का याच्यात?"

ताट तसंच राहिलं. मी त्याला हाक मारली नाही. शोभानं ताट उचललं. उठताना तिनं भिंत धरली. ते मी पाहिलं, पण दमली असेल असं समजून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच सिस्टरला फोन लावला. "मला तारीख-वार आणि वेळ सांगा. सगळ्या दुपारच्या आकड्यांची."

त्यांनी वाचून दाखवलं. सोमवार, पावणेतीन. शुक्रवार, तीन वाजून पाच. मंगळवार, अडीच. तिन्ही वेळा मी ओट्यावर होतो, चार माणसांच्या समोर.

"आणि काका, सोमवारी मी आधी ॲपवाल्या घरच्या फोनवरच केला होता," त्या म्हणाल्या. "काकूंनी उचलला. म्हणाल्या, ते आत्ताच जिना चढून आले, म्हणून वाढलं असेल."

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. आमचं घर नुसतं तळमजल्याचं आहे. गच्चीवर जायचं तर आम्ही शिडी लावतो.

"सिस्टर, उद्या येतो," एवढंच बोलून मी फोन ठेवला.

जी बाई डॉक्टरसमोर माझं खोटं उघडं पाडते, ती स्वतः खोटं का बोलेल? सकाळभर मी तिला भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना पाहत होतो. तेव्हा मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, मी परत ॲडमिट व्हावं अशी हिची इच्छा आहे. तेवढीच हिला माझ्यापासून सुट्टी.

सव्वादोनला मी रोजच्यासारखा निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो, थोडा वेळ थांबलो आणि मागच्या अंगणातून परत आलो. स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. चपला बाहेर काढल्या आणि आत गेलो.

समोरच्या खोलीत शोभा जमिनीवर बसली होती. पाठ भिंतीला, पाय पसरलेले, कपाळाला पदर बांधलेला. दंडाला तो पट्टा होता आणि पट्टा फुगत होता.

"हे काय करून राह्यली तू?"

तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "एक मिनिट गप राहा. बोललं का जास्त येते."

मी गप्प उभा राहिलो. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटली. यंत्र वाजलं. वर एकशे ब्याण्णव, खाली एकशे आठ.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तुमी दवाखान्यात होते तवापासून डोस्कं दुखते. मानेपासून वर चढते. म्हटलं जागरणानं असंन."

"सांगतलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू? तुमाले? तुमी त मिठाचा डबा मोजून राह्यले होते."

मी म्हटलं, "निलेशले त सांगतलं असतं."

"त्याच्या सुट्ट्या संपल्या. घरात एक पेशंट पुरे झाला म्हटलं."

"अन् सिस्टरले जिना कायले सांगतला?"

"मले काय मालूम आकडा आपोआप जाते म्हून. मले वाटलं फोनवर बोट ठेवलं तरच जाते. फोन आला त मी घाबरली. तोंडातून निघालं. मंग फोनले बोट नाई लावलं, पण डोस्कं उठलं का घेतल्याबिगर राहवेना."

"आपल्या घराले जिना हाय का?"

"नाई ना," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

वय काय?

मी तिथंच बसून सिस्टरला फोन लावला. "सिस्टर, दुपारचं बीपी माझं नाही. माझ्या बायकोचं आहे. आत्ता एकशे ब्याण्णव, एकशे आठ."

त्या रागावल्या नाहीत. लगेच विचारायला लागल्या. "काकूंचं वय काय?"

लग्नाच्या वेळी सांगितलेलं एक वय होतं, पण तेही खरं नव्हतं एवढंच माहीत होतं.

"आधी कधी बीपी तपासलंय त्यांचं? माहेरी कोणाला होतं का? छातीत दुखतं? डोळ्यांसमोर अंधारी येते?"

एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी फोन शोभाच्या हातात दिला. तिनं एकेक करून सगळं सांगितलं. माहेरी आईला होतं, भावाला आहे. डोळ्यांसमोर चांदण्या येतात, पंधरा-वीस दिवस झाले. मी शेजारी बसून ते पहिल्यांदा ऐकत होतो.

"आत्ताच्या आत्ता जवळच्या दवाखान्यात न्या," सिस्टर म्हणाल्या. "उद्यावर टाकू नका."

शेजाऱ्याच्या ऑटोनं सिंदीच्याच दवाखान्यात नेलं. त्यांनी गोळी दिली, झोपवून ठेवलं, संध्याकाळपर्यंत बीपी जरा उतरलं. निलेश कामावरून परस्पर तिथंच आला. मी बाकावर सरकून त्याला जागा केली.

"माहं चुकलं बे," मी म्हटलं.

"बसा तुमी," तो म्हणाला. मग स्वतःची बाटली माझ्यापुढे धरली, "पाणी पेलं का आज बरोबर?"

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला माझी तारीख होतीच. दोघांचे केसपेपर काढले. मॅडमनी माझा रिपोर्ट पाहिला. रक्तातली घाण उतरत होती. मग सकाळ-संध्याकाळचं बीपी पाहिलं आणि दुपारचे आकडे पेनानं खोडले. "मी हे बघून तुमची गोळी वाढवणार होते, काका," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या सवयीप्रमाणे. खोटं काही दिसलं नाही.

शोभाच्या लघवीत थोडा दोष सापडला. बीपी बहुतेक काही वर्षांपासून असावं, आणि त्याचा ताण तिच्या किडनीवर पडायला लागला होता. अजून दोन-चार वर्षं कळलं नसतं तर त्या वॉर्डात पलंगावर ती असती. आणि पलंगाखाली चटई टाकून मी झोपलो असतो की नाही, याबद्दल मला खात्री देता येत नाही.

ज्यांच्या घरी यंत्र आलंय त्यांना

शंका घ्या. मला कोणी म्हणालं असतं की यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेव, तर आज मी चुकीची गोळी खात असतो. आकडा आपल्या जिवाशी जुळत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. कोणत्या वेळचा, कोणी घेतला, कुठे बसून, हे विचारा. यंत्राला फक्त दंड कळतो, तो कोणाचा आहे हे कळत नाही. तुमचं यंत्र दुसऱ्या कोणी वापरलं तर त्याच दिवशी फोन करून कळवा.

पण शंका घ्यायची तर ती स्वतःवरही घ्या. मी सगळ्यांची तपासणी केली, काट्याची, सिस्टरची, पोराची, बायकोची. खिशातल्या गोळीची दोन वर्षांत एकदाही केली नाही. माझ्या किडन्या कोणी बंद पाडल्या असतील तर त्या गोळीनं आणि माझ्या गप्प बसण्यानं. आणि घरात तुमच्यासाठी अळणी रांधणारं जे माणूस आहे, त्याच्याही दंडाला एकदा पट्टा बांधा.

शेवटची तारीख

तीन महिने पूर्ण झाल्यावर यंत्रं परत करायला आम्ही तिघंही वर्ध्याला गेलो. निलेशनं आमच्यासाठी बीपीचं वेगळं यंत्र आणलं होतं. पिशवी देताना मी सिस्टरला विचारलंच, माझे तीन महिन्यांचे आकडे आता कुठे जाणार. त्या हसल्या आणि तेच उत्तर दिलं, चौथ्यांदा.

मॅडमनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला. "छान आहे काका. आता तीन महिन्यांनी या. पाणी, ऊन आणि गोळ्या, एवढं सांभाळा."

आम्ही उठलो. शोभा मात्र बसूनच राहिली. माझ्या सोळा दिवसांत आणि त्यानंतरच्या एवढ्या खेपांत तिनं मॅडमना कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

"मॅडम, हे आता पक्के बरे झाले ना?"

"हो काकू. काळजी घ्यायची, पण बरे झालेत."

"मंग आता मी आजारी पडली त चालते ना?"

मॅडम हसल्या. सिस्टरही हसल्या. निलेशनं मान खाली घातली. शोभा हसत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि त्यासाठी ती मॅडमकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.